रनटाइम सोबत बांधलेलं सॉफ्टवेअर: ‘आधी जावा टाका’ ही कटकट कशी संपते?

कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर घेतलं, डबल क्लिक केलं आणि समोर आलं: आधी जावा इन्स्टॉल करा. किंवा डॉट नेट हवं. किंवा व्हीसीरनटाइम१४० नावाची डीएलएल फाइल सापडत नाही. ज्याची पहिली ओळख स्मार्टफोनशी झाली, त्याला हे विचित्रच वाटणार. फोनवर प्ले स्टोअर उघडलं, इन्स्टॉल दाबलं, विषय संपला. मग कॉम्प्युटरवरच एवढे सोपस्कार का?

या लेखात आपण पाहू: रनटाइम म्हणजे काय, तो वेगळा का ठेवतात, ॲपसोबत कसा बांधून देतात आणि तसं केल्यावर कोणती जबाबदारी अंगावर येते. मी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो. औशाच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी हिशेबपट्टीचा छोटा जावा प्रोग्रॅम लिहिलाय, त्यामुळे बरीचशी उदाहरणं तिथलीच येतील.

रनटाइम म्हणजे काय?

लग्नाला आचारी ठरवताना दोन प्रकार असतात. एक म्हणतो, ‘स्वयंपाक माझा, चूल-भांडी तुमची.’ दुसरा टेम्पोत सगळं घालून आणतो. रनटाइम म्हणजे ही चूल-भांडी.

जावा, पायथन, सी शार्प अशा भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजला थेट कळत नाही. जावाचा प्रोग्रॅम ‘बाइटकोड’ नावाच्या मधल्या भाषेत असतो. तो वाचून प्रोसेसरला समजेल अशा सूचना देणारा आणि फाइल उघडणं, खिडकी काढणं, प्रिंट करणं यासाठी तयार कोड पुरवणारा जो संच, तो रनटाइम. जावात त्याला जेआरई म्हणतात. सी किंवा सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम थेट मशीनच्या भाषेत असतो, पण त्यालाही बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या काही डीएलएल लागतात. गेम सुरू करताना दिसणारी ती डीएलएलची तक्रार त्यातलीच.

फोनवर हा प्रश्न का येत नाही?

कारण फोनमध्ये चूल आधीच मांडलेली असते. अँड्रॉइडसोबतच एआरटी नावाचा रनटाइम येतो. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० पासून त्याने जुन्या डाल्विकची जागा घेतली. कोटलिन किंवा जावात लिहिलेलं ॲप त्याच्यावर चालतं. फ्लटरमध्ये केलेलं ॲप तर स्वतःचं इंजिन एपीकेमध्येच घेऊन येतं.

फोनवरही एकेकाळी हा त्रास होता, हे आज फार जणांना माहीत नसेल. ॲडोबी एअरवर बनवलेलं ॲप घेतलं की ‘आधी एअर इन्स्टॉल करा’ असं यायचं. २०११ च्या एअर ३ पासून रनटाइम ॲपमध्येच भरून देण्याची सोय झाली.

कॉम्प्युटरवरचं ओळखीचं उदाहरण माइनक्राफ्टचं. त्याची जावा आवृत्ती जावावरच चालते, पण खेळणाऱ्याला जावा शोधत बसावं लागत नाही. लाँचर स्वतःच योग्य जावा ठेवतो. २०२१ मध्ये माइनक्राफ्ट १.१७ ला जावा १६ लागू लागलं, त्याच वर्षी १.१८ ला जावा १७. लाँचरने ते परस्पर सांभाळलं.

मुळात वेगळा ठेवला कशाला?

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणलं, तेव्हा कल्पना चांगली होती: प्रोग्रॅम एकदा लिहा, जिथे जावा आहे तिथे चालवा. हार्ड डिस्क लहान, इंटरनेट हळू. दहा प्रोग्रॅमनी दहा वेळा तोच रनटाइम आणण्यापेक्षा सगळ्यांत मिळून एकच ठेवणं शहाणपणाचं होतं. रनटाइममध्ये सुरक्षेची चूक सापडली, तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करून सगळे सुरक्षित.

पण सामायिक भांड्यांचं जे होतं, तेच झालं. एका प्रोग्रॅमला जावा ८ हवं, दुसऱ्याला १७. नव्या जावासाठी बनवलेला प्रोग्रॅम जुन्यावर उघडला की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ची चूक येते. उलट बाजूने, काही जुने प्रोग्रॅम नव्या जावावर चालत नाहीत, कारण मधल्या काळात काही भाग काढून टाकले गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोम ४५ ने जावा ॲपलेट चालवणारी प्लगइनची सोयच बंद केली. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून जावा वेब स्टार्ट गेलं आणि ऑरॅकलने वेगळं जेआरई देणंही थांबवलं. एप्रिल २०१९ पासून ऑरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट धंद्यात वापरायचे तर पैसे मोजावे लागतील, अशी लायसन्सची अट आली.

म्हणजे ‘जावा टाकून घ्या’ हे सांगायला दोन शब्दांचं काम राहिलं, पण कोणतं जावा, कितवं, कुठून, फुकट की विकत, हे सगळं दुकानातल्या माणसावर येऊन पडलं.

आपल्याकडे हे कुठे दिसतं?

*आयकर विवरणपत्र.* आयकर विभागाची ऑफलाइन युटिलिटी पूर्वी एक्सेल आणि जावा अशा दोन प्रकारांत मिळायची. जावावाली वापरायची तर कॉम्प्युटरवर जेआरई ८ आधी टाकलेलं हवं. एक्सेलवाली घेतली तर मायक्रोसॉफ्ट एक्सेल हवं, म्हणजे तिथे एक्सेलच रनटाइम झाला. २०२१ मध्ये विभागाने जावा युटिलिटी थांबवून नवी आणली. ती नेहमीच्या सॉफ्टवेअरसारखी इन्स्टॉल होते, जावा मागत नाही.

*टीडीएस विवरण.* कर सल्लागारांच्या ऑफिसात वापरली जाणारी आरपीयू ही युटिलिटी जावावर चालते. पूर्वीच्या एनएसडीएलची, आता प्रोटीनची. तिमाहीची मुदत तोंडावर असताना ती उघडली नाही, तर पहिला संशय जावावर जातो.

*ई-निविदा.* राज्याचं महाटेंडर्स संकेतस्थळ एनआयसीच्या प्रणालीवर उभं आहे. निविदा भरताना डिजिटल सहीसाठी तिथे जावा लागत आलं. ब्राउझरनी ॲपलेट बंद केल्यावर अनेक ठेकेदारांकडे एक जुना कॉम्प्युटर ‘निविदेचा’ म्हणून बाजूला राहिला. त्यावर जुनं जावा, आणि कुणी अपडेट दाबायचं नाही अशी ताकीद.

आता मोंढ्यातलं. सोयाबीनच्या हंगामात एका दुकानाचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून आला. बिलाचा प्रोग्रॅम बाहेरून विकत घेतलेला होता, त्याची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवलेली. मुनीमजींनी डबल क्लिक केलं तर विनरार उघडलं आणि आत नुसती फोल्डरं. जार फाइल ही आतून झिपच असते. जावा नसलं की विनरार तिच्यावर हक्क सांगतं.

‘प्रोग्रॅम फुटला काय हो?’ मुनीमजींनी मला फोनवर विचारलं.

प्रोग्रॅम धड होता, चूल नव्हती. पण बाहेर पोती उतरवून शेतकरी उभे, त्यांना हमाली-तोलाई वजा करून पट्टी हवी, गावाकडं जायची गाडी गाठायची. त्या दिवशी पट्ट्या हाताने लिहिल्या गेल्या. रनटाइम वेगळा ठेवण्याची किंमत ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो देत नाही, ती रांगेतला शेवटचा माणूस देतो.

सोबत बांधायचं म्हणजे नेमकं काय?

कल्पना सरळ आहे. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्येच रनटाइमची एक खाजगी प्रत ठेवायची आणि एक छोटी ईएक्सई फाइल द्यायची, जी फक्त त्या प्रतीलाच हाक मारते. कॉम्प्युटरवर दुसरं जावा असो, नसो, जुनं असो, तिला घेणं-देणं नाही. भाषेनुसार साधनं बदलतात.

* जावा: २०१७ च्या जावा ९ पासून रनटाइम मोड्यूलमध्ये विभागला गेला. जेडेप्स हे साधन प्रोग्रॅमला कोणती मोड्यूल लागतात ते सांगतं, जेलिंक तेवढ्यांचाच छोटा रनटाइम बनवतं आणि जेपॅकेज त्याचा इन्स्टॉलर करतं. जेपॅकेज २०२१ च्या जावा १६ पासून पक्क्या स्वरूपात आलं. विंडोजचा ईएक्सई किंवा एमएसआय इन्स्टॉलर हवा तर विक्स टूलसेटही लागतं. नुसतं फोल्डर हवं असेल तर त्याची गरज नाही.
* डॉट नेट: पब्लिश करताना ‘सेल्फ-कंटेन्ड’ पर्याय निवडायचा. २०१९ च्या डॉट नेट कोअर ३.० पासून सगळं एकाच ईएक्सई फाइलमध्येही भरता येतं.
* पायथन: पायइन्स्टॉलर हे जास्त वापरलं जाणारं साधन. ते पायथन आणि लायब्ररी गोळा करतं. ‘एक फाइल’ पर्यायात प्रत्येक वेळी सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतं, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो. ‘एक फोल्डर’ पर्याय जास्त बरा.
* इलेक्ट्रॉन: एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये ॲप लिहा. सोबत क्रोमियम ब्राउझर आणि नोड दोन्ही येतात. व्हीएस कोड असंच बनलंय.
* टाउरी: इलेक्ट्रॉनसारखंच, पण ब्राउझर सोबत न देता विंडोजमधला वेबव्ह्यू२ वापरतं. म्हणून फाइल लहान. विंडोज ११ मध्ये वेबव्ह्यू२ असतोच. जुन्या विंडोज १० वर नसेल तर तो इंटरनेटवरून ओढावा लागतो, किंवा १०० एमबीहून मोठी भर घालून सोबत द्यावा लागतो.
* गो: साधारणपणे एकच ईएक्सई तयार होते, रनटाइम तिच्यातच. बांधाबांध जवळजवळ नाहीच.

एक मुद्दा नवख्यांना अडवतो. जेपॅकेज आणि पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल, तिच्यासाठीच पॅकेज बनवतात. लिनक्सवर बसून विंडोजचं पॅकेज होत नाही. डॉट नेट आणि गो मात्र दुसऱ्या सिस्टिमसाठी बनवू देतात.

मराठी असेल तर तीन गोष्टी आधी बघा

रनटाइम सोबत देण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते मराठी मजकूर आहे. याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं नसतं.

*१. एन्कोडिंग.* मार्च २०२२ च्या जावा १८ पासून फाइल वाचण्या-लिहिण्याचं ठरलेलं एन्कोडिंग युटीएफ-८ झालं. त्याआधी ते विंडोजच्या सेटिंगवर अवलंबून होतं. नेहमीच्या इंग्रजी विंडोजवर जावा ८ ने, एन्कोडिंग न सांगता, ‘तोलाई’ फाइलमध्ये लिहिलं तर तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत, माहिती गेली ती गेली. तोच प्रोग्रॅम, दोन कॉम्प्युटर, दोन वेगळे निकाल. कोडमध्ये युटीएफ-८ स्पष्ट लिहावंच, पण रनटाइम तुमचाच असेल तर वापरलेल्या लायब्ररीचं वागणंही सगळीकडे सारखं राहतं.

*२. भाषेची माहिती.* महिन्यांची मराठी नावं, तारखांची पद्धत हे जावाच्या लोकेलडेटा मोड्यूलमध्ये असतं. जेडेप्सच्या यादीत ते येत नाही, कारण प्रोग्रॅम त्याला थेट हाक मारत नाही. ते हाताने घातलं नाही तर पट्टीवर ‘नोव्हेंबर’च्या जागी इंग्रजी नाव छापलं जातं. जेलिंकला फक्त मराठी आणि इंग्रजी ठेव असंही सांगता येतं, म्हणजे बाकी भाषांचं ओझं नको.

*३. फॉन्ट.* विंडोज १० पासून मंगल फॉन्ट ठरलेल्या संचात नाही, तो वेगळा मागवावा लागतो. निर्मला यूआय असतो. जुन्या सवयीने ‘मंगल’ असं लिहून ठेवलं तर छपाईची मांडणी हलते. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो तुम्ही वाटू शकत नाही. त्यापेक्षा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी सोबत द्या. दोन्हींचं लायसन्स ॲपसोबत वाटायची परवानगी देतं.

याची किंमत काय?

*आकार.* पूर्ण जेडीके ३०० एमबीच्या आसपास असतं. जेलिंकने छाटलेला रनटाइम साध्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी १०० एमबीच्या आत बसतो. सेल्फ-कंटेन्ड डॉट नेटचा अगदी छोटा प्रोग्रॅमही ६०-७० एमबीचा होतो. इलेक्ट्रॉन १०० एमबीच्या पुढेच. फोनच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करणाऱ्याला हे खुपतं. पण एकदा उतरवलं की पेनड्राइव्हवरून दहा दुकानांत, इंटरनेट नसतानाही बसतं. ‘ऑनलाइन इन्स्टॉलर’ लहान दिसतो खरा, पण रेंज नसेल तिथे तो नुसता फिरत राहतो.

*अपडेट.* ही खरी जबाबदारी. जावाच्या सुरक्षा दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. तुमच्या फोल्डरमधली खाजगी प्रत विंडोज अपडेट करत नाही, तुम्हालाच नवं पॅकेज द्यावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर चूक सापडली. क्रोम तर लगेच दुरुस्त झालं, पण इलेक्ट्रॉनवरच्या प्रत्येक ॲपला आपापलं अपडेट काढावं लागलं. जे काढत नाहीत, त्यांच्याकडे जुनी चूक तशीच राहते. आचारी स्वतःची भांडी आणतो म्हटल्यावर घासायचीही त्यानेच.

*जुने कॉम्प्युटर.* ३२-बिट विंडोजवर ६४-बिट रनटाइम चालत नाही. मार्च २०२५ च्या जावा २४ पासून विंडोजसाठी ३२-बिट जावा बनवण्याची सोयच काढली आहे. इलेक्ट्रॉन २३ पासून विंडोज ७ आणि ८ चालत नाहीत. पायथन ३.९ पासून विंडोज ७ नाही. म्हणून पॅकेज बनवण्याआधी समोरच्याचा कॉम्प्युटर कोणता, हे विचारा.

*सही.* डिजिटल सही नसलेली ईएक्सई डाउनलोड करून उघडली की विंडोजची निळी सूचना येते आणि माणूस घाबरतो. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित ठिकाणीच ठेवायची अट आहे. पायइन्स्टॉलरच्या एक-फाइल पॅकेजवर अँटिव्हायरस कधी कधी विनाकारण संशय घेतो, तो त्रास वेगळा.

*लायसन्स.* जावा सोबत द्यायचं तर ओपनजेडीकेवर आधारलेलं टेमुरिनसारखं मोफत पॅकेज घ्या. त्याचं लायसन्स वाटायला परवानगी देतं आणि तुमचा कोड उघड करायची सक्ती करत नाही. फक्त त्यातलं ‘लीगल’ नावाचं फोल्डर काढून टाकू नका.

देण्याआधीची तपासणी

स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं याला काही अर्थ नाही, कारण तिथे सगळं आधीच टाकलेलं असतं. कोरी विंडोज हवी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ मिळतं, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. मी एवढं बघतो:

1. इंटरनेट बंद करून इन्स्टॉल होतं का?
2. ॲडमिन पासवर्ड नसलेल्या युजरवर चालतं का?
3. युजरचं नाव देवनागरीत असेल तर अडतं का? काही लायब्ररी अशा फोल्डरच्या नावावर अडखळतात.
4. जुनं जावा आधीच असलेल्या कॉम्प्युटरवर कोणतं जावा वापरलं जातं?
5. मराठी मजकूर सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडून आणि कागदावर छापून नीट येतो का?
6. अनइन्स्टॉल केल्यावर युजरचा डेटा शाबूत राहतो का?

नेहमीचे प्रश्न

*मला सॉफ्टवेअर बनवायचं नाही, फक्त वापरायचंय. डीएलएल सापडत नाही असं आलं तर?*
त्या फाइलचं नाव शोधून ‘मोफत डीएलएल’ देणाऱ्या साइटवरून ती कधीच उतरवू नका. मालवेअर यायचा हा नेहमीचा रस्ता आहे. व्हीसीरनटाइम किंवा एमएसव्हीसीपी अशी नावं असतील तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. जावा मागितलं तर त्या सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिकेत कितवं लिहिलंय ते आधी बघा.

*एका कॉम्प्युटरवर दोन जावा चालतात का?*
हो. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने राहतात. भांडण होतं ते डबल क्लिकवर कोणतं उघडायचं यावरून. सोबत बांधलेल्या रनटाइममुळे हाच प्रश्न सुटतो.

*सगळं ब्राउझरमध्येच का करू नये?*
इंटरनेट भरवशाचं असेल तर जरूर करा. पण वजनकाटा जोडायचा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचं, वीज आणि नेट दोन्हींचा नेम नाही, अशा ठिकाणी डेस्कटॉप ॲप अजून लागतं.

*विकत घेताना दुकानदाराने काय विचारावं?*
तीन गोष्टी. याच्यासोबत वेगळं काही टाकावं लागतं का? इंटरनेटशिवाय इन्स्टॉल होतं का? कॉम्प्युटर फॉरमॅट झाला तर ते आणि त्यातला हिशेब परत कसा आणायचा? विकणारा तिसऱ्या प्रश्नाला ‘मला फोन करा’ म्हणाला, तर त्याच्यासमोरच एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवून बघा, आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधी.